दोन आराखड्यांचे एकमत नसेल तर?

अतिदक्षता विभागात खाटेशेजारच्या स्टँडला अडकवलेला इन्फ्युजन पंप अनेकांनी पाहिला असेल. शिरेतून जाणारे औषध ठरलेल्या वेगाने देणे हे त्याचे काम, आणि ते चालते सॉफ्टवेअरवर. अमेरिकेत २००५ ते २००९ या काळात अशा पंपांशी संबंधित अनिष्ट घटनांचे सुमारे ५६ हजार अहवाल एफडीएकडे आले. त्यांत मृत्यूही होते. सॉफ्टवेअरमधील दोष हे त्यामागचे एक कारण होते.

असे सॉफ्टवेअर बनवण्याच्या एका पद्धतीत आधी पंपाची ‘मॉडेल्स’, म्हणजे तपशीलवार आराखडे करतात आणि त्यांवरून संगणकच प्रोग्राम तयार करतो. एक आराखडा औषधाच्या मात्रेचा, दुसरा अलार्मचा, तिसरा पडद्यावरील सूचनांचा. ते वेगवेगळे गट करतात, म्हणून त्यांत विसंगती शिरते. समजा, अलार्मचा आराखडा म्हणतो, ‘बॅटरी उतरली की पंप थांबवा.’ मात्रेचा म्हणतो, ‘रक्तदाब टिकवणारे औषध खंडित होऊ देऊ नका.’ नॉरअॅड्रिनॅलिन अचानक थांबले तर रक्तदाब काही मिनिटांत कोसळू शकतो.

मग विसंगती दिसताक्षणी एक बाजू पुसून टाकावी का? नाही. त्या बाजूतली योग्य सूचनाही त्यासोबत जाते. विसंगती शोधावी, नोंदवावी, तिचा धोका जोखावा आणि ती कोणी, केव्हापर्यंत सोडवायची हे ठरवावे. वरच्या उदाहरणात तिसराच नियम निघतो: बॅटरी पुरेशी असतानाच अलार्म वाजवा, औषध चालू ठेवा.

आम्ही डॉक्टरही असेच वागतो. लक्षणे डेंगीची, पण प्लेटलेट नॉर्मल, म्हणून रिपोर्ट बाजूला टाकत नाही की निदान रेटत नाही. दोन्ही केसपेपरवर लिहितो आणि पुन्हा तपासतो. मात्र जिवावर बेतणारी विसंगती उद्यावर ढकलता येत नाही. पंपाचेही तसेच, ती रुग्णापर्यंत पोहोचण्याआधी सुटलीच पाहिजे. त्यासाठी एफडीए आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी पंपाचे नमुना मॉडेल व सुरक्षेच्या अटी तयार केल्या. मॉडेल त्या अटी पाळते की नाही, हे पंप तयार होण्याआधीच तपासता येते.

नातेवाइकांनी एवढे लक्षात ठेवावे: पंपाचा अलार्म वाजला तर बटण दाबून तो गप्प करू नका, लगेच सिस्टरना बोलवा.