बाभळीवरचे सत्तावीस खोपे

बसा रे लेकरांनो, घोंगडी मोठी आहे, सगळे मावाल.

मघाशी तुमच्यातल्या एकानं विचारलं, "आबा, वन्यजीव वाचवायचे म्हणजे आधी जंगल पाहिजे की. आपल्याकडं कुठंय?" प्रश्न बरोबर आहे. नांदेडच्या माणसाला जंगल बघायचं झालं की तो किनवट-माहूरचा रस्ता धरतो, पैनगंगेच्या अभयारण्याकडं जातो. लातूरकरांना तेवढंही नाही. चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथचं संजीवनी बेट आहे, तिथं औषधी वनस्पती बघायच्या. बाकी सगळीकडं काळं रान, सोयाबीन, तूर आणि बांधावरच्या बाभळी. पण आज मी ज्या पाखराची गोष्ट सांगणार आहे, त्याला जंगल लागतच नाही. ते तुमच्या-आमच्या विहिरीवर संसार मांडतं.

ही समोरची विहीर बघा. माझ्या आजोबांनी दगडात बांधलेली, मोटेच्या काळातली. तिच्या काठावर ती वाकलेली बाभूळ आहे ना, तिच्या पाण्यावर आलेल्या फांद्यांना दरसाल पावसाळ्यात सुगरणीचे खोपे लागतात. खाली पाणी, वर काटे. साप चढायला कचरतो, मांजराचा पाय पुढं पडत नाही. एवढुश्या पाखरानं जागा निवडताना किती विचार केला आहे बघा.

एरवी ही पाखरं चिमणीसारखी भुरकी. शेजारून उडाली तरी ओळखू येत नाहीत. मृगाचा पाऊस पडला, गवताला पात सुटली, की नराचं डोकं आणि छाती हळदीनं माखल्यासारखी पिवळी होते. मग तो कामाला लागतो. हो, तो. नाव सुगरण, बहिणाबाईंच्या ओवीमुळं घरोघर ठाऊक झालेलं, आणि आपण सगळे तिला आईच समजतो. विणकर मात्र बाप्या असतो.

तो विणतो कसं, ते मी जवळून पाहिलंय. उसाच्या नाहीतर ज्वारीच्या पानावर येऊन बसतो. पानाच्या कडेला चोचीनं एक खाच पाडतो. ती कड चोचीत घट्ट धरतो आणि उडतो. तो उडतो तसं पान सरळ फाटत जातं आणि वीतभर, कधी हातभर लांब हिरवी दोरी चोचीत येते. कात्री नाही, सुई नाही. फांदीवर येऊन तो दोरीचं टोक एका पायाखाली दाबतो, दुसरं टोक फांदीभोवती फिरवून खालून वर ओढून घेतो आणि गाठ पक्की करतो. गाठीवर गाठ बसली की खाली झोक्यासारखं कडं तयार होतं. त्या कड्यात बसून एका अंगाला अंड्यांची खोली विणायची, दुसऱ्या अंगाला दार. एका खोप्यापायी नराला पाचशेपर्यंत फेऱ्या माराव्या लागतात. खोपा अर्धा व्हायला आठेक दिवस, पुरा व्हायला अठराएक.

अर्धा खोपा टांगलेल्या घंटेसारखा दिसतो. तेवढा झाला की नर त्याला लटकून पंख फडफडवतो, ओरडतो, माद्यांना बोलावतो. मादी येते, आत शिरते, धागे ओढून बघते. मुलगी द्यायच्या आधी सोयरे घर बघायला येतात ना, तसं. पसंत पडलं तर नर पुढची लांब नळी विणतो. नाही पडलं तर तो खोपा तसाच राहतो.

आता गेल्या पावसाळ्यातली गोष्ट.

माझी नात आठवीत, आणि तिच्याबरोबर पाच लेकरं. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद म्हणून एक उपक्रम आहे, 1993 पासून चालतो. दहा ते सतरा वर्षांच्या मुलांनी आपल्याच परिसरातला एखादा प्रश्न घ्यायचा, गटानं त्याचा अभ्यास करायचा आणि तो मांडायचा. ही मंडळी विषय शोधत माझ्याकडं आली. मी म्हटलं, विषय विहिरीवर टांगलेला आहे. दोनच अटी घातल्या. फांदीला हात लावायचा नाही, आणि वहीत जे दिसलं तेच लिहायचं, वाटलं ते नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांत धिप्पाड आणि मोठ्या आवाजाच्या पोराला पुढारी केलं. तो "इकडं बघा, तिकडं बघा" करत राहिला आणि पाखरं उडून गेली. चौथ्या दिवशी मी शेतातल्या आखाड्यातून बघतो, तर सगळ्यांच्या नजरा गटातल्या सगळ्यांत अबोल पोरीकडं. ती रोज साडेसहाला येऊन बसलेली असायची. कोणत्या फांदीवर कोणता खोपा, त्याचा तिनं नकाशा काढला होता, प्रत्येकाला नंबर दिला होता. कुणाला काही विचारायचं झालं की तिला विचारावं लागे. त्यांनी पुढारी बदलला नाही, ठराव केला नाही. त्या धिप्पाड पोरानंच एक दिवस वही तिच्या हातात दिली आणि स्वतः विहिरीच्या काठावर लहान पोरांना मागं सरकवायचं काम घेतलं. ते काम तो फार जबाबदारीनं करायचा.

श्रावण सरता सरता खोपे झाले सत्तावीस. नकाशा बघून नात म्हणाली, "आबा, एकवीस खोपे उगवतीच्या बाजूला आहेत. मावळतीला सहाच. असं का?" मला उत्तर ठाऊक होतं, मी दिलं नाही. दोन दिवसांनी दुपारी पाऊस आला, वारा सुटला, मावळतीच्या फांद्या नुसत्या झोडपून निघाल्या. भिजत उभी राहिलेली लेकरं एकदम ओरडली. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून पाखरानं झाडाचाच आडोसा केला होता. भूगोलात मान्सूनच्या वाऱ्याचा धडा त्यांनी वाचलाच होता. पण त्या दिवशी तो त्यांच्या अंगावर आला.

दुसरा प्रश्न त्या अबोल पोरीचा. "आबा, खोपे सत्तावीस, पण पिवळ्या डोक्याचे नर मी पुन्हापुन्हा मोजले, दहाच भरतात. मग बाकीचे खोपे कुणी विणले?"

बाळांनो, हाच प्रश्न एका थोर माणसाला पडला होता. सलीम अली. 12 नोव्हेंबर 1896 चा जन्म, मुंबईतला. आई-वडील लहानपणीच गेले, मामांनी वाढवलं. दहा-बारा वर्षांचा असताना त्यानं छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली. उचलून बघतो तर तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका. ही कसली चिमणी? मामांना सांगता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलर्ड साहेबांकडं पाठवलं. मिलर्ड संस्थेचे सचिव, कामाच्या व्यापातले. पण त्यांनी या पोराला हाकललं नाही. कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले, ओळखायचे कसे ते शिकवलं, पुस्तकं दिली. एका मोठ्या माणसानं एका पोराच्या प्रश्नासाठी वेळ काढला, आणि देशाला पक्षिशास्त्रज्ञ मिळाला. मला हा प्रसंग त्यांच्या सगळ्या पुरस्कारांहून मोठा वाटतो.

हेच सलीम अली 1930 साली जर्मनीहून शिकून परत आले, तर हाताला नोकरी नाही. अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. तिथं घराजवळच सुगरणींची वसाहत होती. रोज तासन् तास बसून त्यांनी नोंदी केल्या आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर शोधून काढलं. एका मादीनं खोपा पसंत केला, अंडी घातली, की नर तिथून निघतो आणि जवळच दुसरा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. एका हंगामात एका नराचे असे अनेक संसार. दोन ते चार अंडी उबवायचं काम मादीच करते.

हे ऐकून पोरीचा चेहरा जो खुलला! तिनं मोजून जे गाठलं होतं, तेच सलीम अलींनी शोधलं होतं.

खोप्याच्या आत चिखलाचे गोळेही असतात. माझी आजी म्हणायची, सुगरण त्यात काजवा चिकटवते, पिल्लांना उजेड म्हणून. मी पडलेले पुष्कळ खोपे उघडून पाहिले, काजवा सापडला नाही. वाऱ्यात खोपा फार हेलकावू नये म्हणून वजन देत असावी, असा एक अंदाज आहे. तुम्ही बघा आणि मला सांगा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारचे शेतकरी कुऱ्हाड घेऊन आले. बाभळीच्या सावलीनं त्यांचं सोयाबीन दबत होतं आणि फांद्या त्यांच्या बांधावर आलेल्या. त्यांचंही खोटं नव्हतं. मी उठणार तेवढ्यात ती अबोल पोरगी वही घेऊन पुढं गेली. रडली नाही, भाषण केलं नाही. म्हणाली, "काका, अंडी उबायला पंधरा दिवस लागतात, पिल्लं उडायला सतरा. शेवटचा खोपा काल पुरा झालाय, हे बघा लिहिलंय. दसऱ्यापर्यंत थांबता का?" काकांनी वही हातात घेतली, दोन पानं उलटली, आणि कुऱ्हाड खांद्यावर टाकून परत गेले. दसऱ्यानंतर त्यांनी आपल्या बाजूच्या फांद्या छाटल्या. पाण्यावरच्या तशाच ठेवल्या.

लेकरं मनावर घेतात तेव्हा गावं बदलतात. नागालँडमध्ये दोयांग धरणाच्या काठी पांगती गाव आहे. अमूर ससाणा आशियाच्या उत्तरेकडून आफ्रिकेला जाताना तिथं उतरतो. वजन असेल दीडशे ग्रॅम, आणि पुढं अख्खा अरबी समुद्र न थांबता पार करायचा. 2012 साली तिथं जाळी लावून लाखावर ससाणे मारले गेल्याचा अंदाज निघाला. मग वन्यजीव वाचवण्यासाठी झटणाऱ्या बानो हारालू आणि त्यांच्या सोबत्यांनी गावाशी बोलणी केली, मुलांसाठी निसर्गवर्ग काढले. गावानं 2013 मध्ये शिकार बंद केली. त्याच वर्षी तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली छोटी यंत्रं बसवली. त्यांची नावं ठेवली नागा, वोखा आणि पांगती.

आता तुमचं काम सांगतो. 5 ते 12 नोव्हेंबर हा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो. 5 तारीख रानावर आणि पाखरांवर लिहिणाऱ्या मारुती चितमपल्लींच्या जन्माची, 12 तारीख सलीम अलींच्या. तोवर सुगरणी खोपे सोडून गेलेल्या असतात. आपापल्या शिवारातली एक विहीर धरा, खोपे मोजा, दिशा लिहा. वाऱ्यानं खाली पडलेला एखादा खोपा घरी आणा, तराजूत घाला, एकेक धागा सोडवून मोजा आणि आकडा मला आणून दाखवा. झाडावरचा मात्र दिवाणखान्यात टांगायला म्हणून ओढू नका. हिवाळ्यात त्याच जुन्या खोप्यात मनोली नावाचं लहानसं पाखरू राहायला आलेलं असतं.