जुन्या आउटबोर्ड इंजिनाची देखभाल

आउटबोर्ड इंजिन हे होडीच्या मागील फळीवर बाहेरच्या बाजूने अडकवले जाणारे सुटे यंत्र आहे. इंजिन, उभा दांडा, गिअरपेटी आणि पंखा असे सर्व भाग त्यात एकत्र असतात. बोलण्यात त्याला नुसते ‘इंजिन’ किंवा ‘मशीन’ म्हणतात. आपत्ती निवारण पथकांमध्ये ‘ओबीएम’ हे संक्षिप्त नाव रूढ आहे. प्रस्तुत लेखात वीस-तीस वर्षांपूर्वीच्या, कार्ब्युरेटर असलेल्या टू-स्ट्रोक इंजिनांच्या घरच्या घरी करता येणाऱ्या देखभालीची माहिती दिली आहे. अशी इंजिने चालवण्याने झिजतात त्याहून अधिक पडून राहिल्याने बिघडतात. त्यामुळे त्यांच्या देखभालीत दुरुस्तीपेक्षा साठवण आणि नियमित चाचणी यांना जास्त महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

अमेरिकेत कॅमेरॉन वॉटरमन यांनी १९०५च्या सुमारास असे इंजिन तयार केले आणि नंतर त्याची विक्री सुरू केली. मूळचे नॉर्वेचे असलेले ओले एव्हिनरूड यांनी १९०९मध्ये मिलवॉकी येथे या इंजिनांचे व्यापारी उत्पादन सुरू केले आणि हा प्रकार लोकप्रिय झाला. जपानच्या यामाहा कंपनीचे पहिले आउटबोर्ड इंजिन १९६०मध्ये आले. टू-स्ट्रोक इंजिन वजनाने हलके, रचनेने साधे आणि मोजक्या हत्यारांनी उघडता येणारे असते. प्रदूषणाच्या नियमांमुळे अनेक देशांत त्याची जागा फोर-स्ट्रोक इंजिनाने घेतली असली, तरी भारतात जुनी टू-स्ट्रोक इंजिने अद्याप वापरात आहेत.

वापर आणि वर्षाचे चक्र

महाराष्ट्रात या इंजिनांच्या वापराची दोन वेगळी चक्रे आढळतात. समुद्रकिनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्या जातात आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा पाण्यात उतरतात. म्हणजे तेथे इंजिनाची विश्रांती पावसाळ्यात असते.

नदीकाठच्या जिल्ह्यांत याच्या उलट घडते. नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या जलाशयावर पर्यटकांसाठी बोटी चालतात. परंतु गोदावरीच्या पुरासाठी सज्ज ठेवलेल्या बचाव नौकांची इंजिने वर्षातील बहुतेक काळ कोठारात असतात. नाशिकमध्ये पुराची उंची गोदाघाटावरील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले यावरून सांगण्याची रीत आहे. १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ या वर्षी गोदावरीला आलेले मोठे पूर नाशिककरांच्या स्मरणात आहेत. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांतही हजारो लोकांना नौकांतून बाहेर काढावे लागले. अशा वेळी आठ महिने बंद असलेले इंजिन पहिल्या काही ओढींतच सुरू व्हावे लागते. ते भर प्रवाहात बंद पडले तर नौकेवर ताबा राहत नाही. म्हणून नदीकाठी देखभालीची मुदत मेअखेरची मानावी.

इंधन आणि तेल

जुन्या टू-स्ट्रोक इंजिनात वंगणासाठी सहसा वेगळी टाकी नसते. बहुतेक जुन्या इंजिनांत पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागते. अनेक इंजिनांसाठी हे प्रमाण ५०:१ असते, म्हणजे एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर तेल. त्याहून जुन्या काही इंजिनांना २५:१, म्हणजे लिटरला ४० मिलिलिटर तेल लागते. अचूक प्रमाण त्या त्या इंजिनाच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. त्यासाठी अडकवणीच्या पट्टीवरील मॉडेल क्रमांक उपयोगी पडतो. तेल जास्त झाल्यास धूर होतो आणि प्लग काळा पडतो. कमी झाल्यास पिस्टन जाम होऊन इंजिन निकामी होऊ शकते. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी ‘टीसी-डब्ल्यू३’ प्रतीचे तेल वापरावे. हवेने थंड होणाऱ्या दुचाकींच्या तेलात राख सोडणारी द्रव्ये असू शकतात. तिचा थर पिस्टनवर आणि प्लगवर साचतो.

भारतात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम २००३मध्ये सुरू झाला. २०२३पासून २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल विक्रीस आले आणि पुढे ते देशभर मिळू लागले. इथेनॉल हवेतील आर्द्रता शोषून घेते. पाण्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेल्यास इथेनॉल व पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात. इंजिन नेमके तळाचेच इंधन ओढते आणि त्या थरात वंगणाचे तेल जवळजवळ नसते. शिवाय जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात आणि त्यांना चिरा पडतात. यासाठी पुढील काळजी घ्यावी :

• लागेल तेवढेच मिश्रण करावे आणि महिन्याभरापेक्षा जुने मिश्रण वापरू नये.
• इंधननळी आणि तिच्यावरील दाबायचा रबरी फुगा मऊ, चिकट किंवा भेगाळलेला दिसल्यास बदलावा.
• टाकीतील उरलेले इंधन साठवणीपूर्वी काढावे. ते गटारात किंवा नदीत ओतू नये.

रॉकेलवर चालणाऱ्या इंजिनांत सुरुवात पेट्रोलवर होते आणि इंजिन तापल्यावर रॉकेल सुरू केले जाते. बंद करण्यापूर्वी काही मिनिटे ते पुन्हा पेट्रोलवर चालवावे. नाहीतर कार्ब्युरेटरमध्ये रॉकेल राहून पुढच्या वेळी इंजिन थंड स्थितीत सुरू होत नाही.

शीतकरण

आउटबोर्ड इंजिन ज्या पाण्यात चालते त्याच पाण्याने थंड होते. खालच्या पायात रबरी पात्यांचे एक चक्र असते, त्यास इंपेलर म्हणतात. ते फिरून पाणी वर चढवते. इंजिन चालू असताना मागून किंवा बाजूने पाण्याची बारीक धार पडत असते. पंप काम करत असल्याची ती खूण आहे. धार बंद दिसल्यास इंजिन त्वरित बंद करावे. प्रथम धारेचे छिद्र मऊ तारेने साफ करावे आणि पाणी आत घेणाऱ्या जाळीत पाणवेली किंवा प्लॅस्टिक अडकले आहे का ते पाहावे.

इंपेलर पाण्याविना काही सेकंद फिरला तरी त्याची पाती घासून जळतात. म्हणून कोरड्या जागी इंजिन सुरू करून पाहू नये. पडून असलेल्या इंजिनात पाती एकाच बाजूला वाकून कडक होतात. त्यामुळे वापर कमी असला तरी दर एक-दोन वर्षांनी इंपेलर बदलणे श्रेयस्कर ठरते. पाय खोलून पंपाचे झाकण काढावे, पात्यांची दिशा लक्षात ठेवावी आणि नवा इंपेलर साबणाच्या पाण्याने ओला करून दांडा त्याच्या नेहमीच्या दिशेने फिरवत बसवावा. जुन्या इंपेलरची पाती तुटली असल्यास सर्व तुकडे शोधून काढावेत; वर गेलेला एखादा तुकडा पाण्याची वाट अडवतो.

खाऱ्या किंवा गढूळ पाण्यात वापरल्यावर इंजिन स्वच्छ पाण्याच्या पिंपात सुमारे दहा मिनिटे चालवावे. पिंपातील पाणी पंख्यावरच्या आडव्या पट्टीच्या वर असावे. पंखा आधी काढून ठेवल्यास पाणी उसळत नाही आणि इजाही टळते. पुराच्या पाण्यातील गाळ वाळून घट्ट होतो, त्यामुळे गोड्या पाण्यात वापरलेल्या इंजिनासाठीही ही धुलाई आवश्यक आहे.

गिअरपेटी

पंख्याजवळील गिअरपेटीत घट्ट तेल असते. ते वर्षातून एकदा किंवा १०० तासांच्या वापरानंतर बदलावे. पेटीला वर आणि खाली असे दोन स्क्रू असतात. दोन्ही काढल्यावर तेल खालून वाहून जाते. तेल दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे असे समजावे. अशा वेळी दांड्यांवरील सील बदलावी लागतात. नवे तेल खालच्या छिद्रातून भरावे, म्हणजे आतील हवा वरून निघून जाते. वरच्या छिद्रातून तेल बाहेर आल्यावर आधी वरचा आणि मग खालचा स्क्रू बसवावा. दोन्ही वॉशर नवे घालावेत.

प्रज्वलन आणि कार्ब्युरेटर

स्पार्क प्लगचा रंग इंजिनाची प्रकृती सांगतो. फिकट तपकिरी टोक योग्य ज्वलन दर्शवते. काळा, तेलकट प्लग जास्त तेलाची किंवा जास्त इंधनाची, तर पांढुरका प्लग अति उष्णतेची शंका सुचवतो. दोन टोकांमधील अंतर माहितीपुस्तिकेनुसार फीलर गेजने मोजावे. बऱ्याच जुन्या इंजिनांत फ्लायव्हीलखाली पॉइंट असतात. दमट हवेत पडून राहिल्याने त्यांवर गंज किंवा थर चढतो आणि ठिणगी पडत नाही. बारीक पॉलिशपेपरने घासून, स्वच्छ कागदाने पुसून अंतर पुन्हा जुळवावे.

इंजिन सुरू न होण्याचे सर्वसाधारण कारण मात्र कार्ब्युरेटर हेच असते. आतील पेट्रोल उडून गेल्यावर मागे चिकट थर राहतो आणि जेटची बारीक छिद्रे बुजतात. खालची वाटी खोलून सर्व छिद्रे कार्ब्युरेटर क्लीनरने आणि हवेच्या दाबाने साफ करावीत. पोलादी तार घालू नये. छिद्र किंचित मोठे झाले तरी मिश्रण बिघडते.

पंखा आणि झिंक

गोदावरीसारख्या नदीत पाणवेली, पिशव्या, निर्माल्य, कापड आणि नायलॉनचा मांजा पंख्यात अडकतो. मांजा किंवा जाळ्याचा दोरा पंख्यामागे दांड्यावर गुंडाळला जाऊन सील कापतो आणि त्या वाटेने गिअरपेटीत पाणी शिरते. म्हणून वर्षातून किमान एकदा पंखा काढून दांडा तपासावा आणि ग्रीस लावून पुन्हा बसवावा. लहान इंजिनांत पंखा एका मऊ धातूच्या पिनेवर बसतो. खडकाला धक्का लागल्यावर ती पिन तुटते आणि गिअर वाचतात. तिच्या जागी खिळा ठोकणे म्हणजे हे संरक्षण काढून टाकणे होय. अशा सुट्या पिना आणि पक्कड नौकेत ठेवावी.

पायावर बसवलेला धातूचा तुकडा, म्हणजे ॲनोड, स्वतः झिजून ॲल्युमिनियमला गंजण्यापासून वाचवतो. खाऱ्या पाण्यासाठी झिंकचा, तर गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियमचा ॲनोड वापरतात. निम्मा झिजल्यावर तो बदलावा आणि त्यावर रंग देऊ नये.

साठवण आणि चाचणी

साठवणीपूर्वी इंजिन पिंपात चालवत असताना इंधननळी काढावी, म्हणजे कार्ब्युरेटरमधील इंधन संपून इंजिन आपोआप बंद पडते. मग प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे टू-स्ट्रोक तेल सोडावे, दोरी सावकाश काही वेळा ओढावी आणि प्लग परत बसवावेत. इंजिन उभे टांगावे. आडवे ठेवावे लागल्यास वरचा भाग पायापेक्षा खाली जाऊ देऊ नये. पायातील पाणी सिलिंडरमध्ये उतरते.

बचाव नौकांच्या इंजिनांना केवळ साठवण पुरेशी नाही. महिन्यातून एकदा ताज्या इंधनावर पिंपात दहा मिनिटे चालवून सुरू होण्यास किती ओढी लागल्या, पाण्याची धार कशी होती आणि गिअर पडतो की नाही याची नोंद वहीत ठेवावी. ओढींची संख्या वाढत गेली, तर बिघाडाची सूचना पुराच्या आधी मिळते.

बुडालेले इंजिन

इंजिन पाण्यात बुडाल्यास ते बाहेर काढल्यावर पहिले काही तास निर्णायक असतात, कारण हवा लागताच आतील बेअरिंगना गंज चढू लागतो. गोड्या पाण्याने धुऊन प्लग काढावेत, इंजिन कलते करून आणि दोरी सावकाश ओढून पाणी काढावे. कार्ब्युरेटर रिकामा करून सिलिंडरमध्ये तेल सोडावे आणि त्याच दिवशी इंजिन सुरू करून तापू द्यावे. ते लगेच शक्य नसेल, तर उघड्यावर ठेवण्यापेक्षा स्वच्छ गोड्या पाण्यात बुडवून ठेवणे कमी हानिकारक असते. चालू स्थितीत बुडालेल्या इंजिनाची दोरी जड लागल्यास जोर करू नये. कनेक्टिंग रॉड वाकलेला असण्याची शक्यता असते.

सुरक्षितता

पंख्याला हात लावण्यापूर्वी प्लगच्या वायरी काढाव्यात. इंजिन बंद खोलीत चालवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक असतो. सुटी टाकी नौकेबाहेर जमिनीवर ठेवून भरावी. चालकाच्या मनगटाला बांधायची, तो पडल्यास इंजिन बंद करणारी दोरी असल्यास तिची प्रत्येक वेळी चाचणी घ्यावी. क्रँकशाफ्ट, पिस्टन आणि गिअर यांची दुरुस्ती, तसेच गंजून अडकलेले बोल्ट काढण्याचे काम जाणत्या मेकॅनिककडे सोपवावे. ॲल्युमिनियमच्या अंगात तुटलेला बोल्ट अनेकदा मूळ बिघाडापेक्षा महाग पडतो.

हे सुद्धा पहा

• गोदावरी नदी
• गंगापूर धरण
• अंतर्ज्वलन इंजिन