'रेअर' म्हणजे काय?

हैदराबादच्या आबिड्स भागात रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात आणि त्यांच्यापुढील पदपथांवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. तेथे पिवळ्या पानांचे एखादे पुस्तक हाती घेतले की 'रेअर' हा इंग्रजी शब्द कानी पडतो आणि त्यासरशी किंमतही चढते. गिऱ्हाइकाने येथे जरा थांबावे. जुने ते सारेच 'रेअर' नव्हे. हजारोंनी छापलेले क्रमिक पुस्तक साठ वर्षांचे झाले तरी ढिगात पुन्हा पुन्हा सापडते. उलट एखाद्या मंडळाने काढलेली दोनशे प्रतींची स्मरणिका वीस वर्षांतच दिसेनाशी होते. खरी 'रेअर' ती.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'दाट नसलेला' असा आहे. मराठी 'विरळ' शब्दानेही हीच वाट चोखाळली. उंच डोंगरावरची हवा विरळ, आणि दिला शब्द पाळणारा माणूस विरळा! 'दुर्मिळ' शब्दात मात्र मिळण्याची अडचण अभिप्रेत आहे. आबिड्सच्या विक्रेत्यांच्या उर्दूत तर आणखी बारकावा आहे: 'नायाब' म्हणजे न मिळणारे, 'कमयाब' म्हणजे कमी मिळणारे. 'रेअर'ला जवळचा तो दुसरा. पण विक्रेत्याच्या तोंडी पहिलाच अधिक येतो, हे स्वाभाविकच होय.

'स्कार्स' हा शब्द निराळा. नित्य लागणारे धान्य बाजारातून नाहीसे झाले तर ते 'स्कार्स'. आपण त्याला टंचाई म्हणतो. आणि हॉटेलात अर्धवट भाजलेल्या मांसाला 'रेअर' म्हणतात, त्याचा या शब्दाशी काहीच संबंध नाही. तो जुन्या इंग्रजीतला वेगळा शब्द असून पूर्वी तो कच्च्या उकडलेल्या अंड्यांना लावीत.

नावावर विसंबू नये, याचे उदाहरण 'रेअर अर्थ' मूलद्रव्यांचे. त्यांतील सिरियम भूकवचात साधारणतः तांब्याइतके आहे. परंतु ही द्रव्ये एका जागी साठलेली क्वचितच सापडतात व एकमेकांपासून वेगळी करणे कष्टाचे असते. केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूत ती आहेत.

या शब्दाचा खरा भार रुग्णालयात कळतो. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवा रक्तगट नोंदविला. तोच 'बॉम्बे ब्लड ग्रुप'. भारतात तो सुमारे १०,००० माणसांत एकाचा असतो. नेहमीच्या तपासणीत हे रक्त 'ओ' गटाचे भासते. पण 'ओ' गटाचे रक्त दिले तर प्राणावर बेतते. त्याच गटाचा दाता हवा. हा गुण आई व वडील या दोघांकडूनही यावा लागतो. म्हणून प्रथम सख्ख्या भावंडांचे रक्त तपासतात. बाहेर दहा हजारांत एक असणारा हा गट भावंडांत निघण्याची शक्यता चारांत एक तरी असते.