खाणीच्या कांठीं

गेल्या श्रावणांत एका रविवारीं पहांटे आम्ही चार मित्र पुण्याच्या वेताळ टेकडीवर फिरावयास गेलों. समुद्रसपाटीपासून सुमारें ८०० मीटर उंचीची ही टेकडी म्हणजे पुणें शहरांतील सर्वांत उंच जागा. माथ्यावर वेताळाचें देऊळ आहे. आणि टेकडीवरील वाटेनें हिंडत गेलें कीं एके ठिकाणीं पायांपुढची जमीन एकाएकीं संपते. खालीं दगडाची जुनी खाण आहे. तिचें काम थांबून पुष्कळ वर्षें लोटलीं. आतां पावसाळ्यांत तींत पाणी सांचतें, कांठीं गवत माजतें आणि झाडींतून मोरांचा केकारव ऐकूं येतो.

कातळाची काळी भिंत दिसतांच आमच्यांतील भूगोलाच्या शिक्षकांना स्फूर्ति आली. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूपृष्ठाच्या भेगांतून तप्त शिलारस बाहेर पडला, थरांवर थर सांचले आणि दख्खनचा हा काळा पाषाण तयार झाला. आजही सुमारें ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश याच थरांनीं व्यापिलेला आहे. शिलारस थिजतांना त्यांत वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, आणि पुढें झिरपणाऱ्या पाण्यांतील क्षारांचे त्यांत स्फटिक बनले. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत सांपडणारा निळाशार कॅव्हॅन्साइट जगभरचे संग्राहक मोलाचा मानतात, हें ऐकून आम्हांस मोठें कौतुक वाटलें.

चौथा मित्र मात्र गप्प होता. बऱ्याच वेळानें तो म्हणाला, "तुम्हांला थर दिसतात, मला सुरुंगाचीं भोकें दिसतात." त्यानें बोट दाखविलें तेथें कातळांत अर्ध्या नळीसारख्या उभ्या खुणा होत्या.

हा आमचा मित्र वडार समाजांतला. त्याचे वडील अशाच एका खाणीवर राबले. पहारेनें भोंक पाडावयाचें, सुरुंग उडवावयाचा, सुटलेला धोंडा घणानें फोडावयाचा. आणि आईनें उन्हांत बसून हातोडीनें त्याची खडी करावयाची. गाडी वडार, माती वडार, पाथरवट अशीं त्या समाजाचीं नांवेंच मुळीं कामांवरून पडलेलीं. इंग्रज सरकारनें १८७१ पासून जे कायदे करून अनेक जमातींस जन्मतःच गुन्हेगार ठरविलें, त्यांच्या कचाट्यांत वडारही सांपडले. तो शिक्का कायद्यानें पुसला गेला १९५२ सालीं.

"कायद्याचा शिक्का पुसला," मित्र हंसून म्हणाला, "आणि इकडे आईच्या बोटांच्या रेषाही पुसल्या. रेशनच्या दुकानांतील यंत्र तिचा अंगठा ओळखतच नाहीं. खडी फोडतां फोडतां सगळ्या झिजून गेल्या."

त्यावर कोणीच कांहीं बोललें नाहीं. आमचा स्नेह वीस वर्षांचा. पण त्याच्या आईस आम्ही एकदांही भेटलों नव्हतों, हें त्या क्षणीं ध्यानांत येऊन मी ओशाळलों.

घरीं परतलों तेव्हां स्वयंपाकघरांत पाट्यावर चटणी वाटणें चाललें होतें. मुलांना मीं खाणीची हकीकत सांगितली. धाकटीनें विचारलें, "मग आपला पाटा कोणीं घडविला?" माझी आई म्हणाली, "तें कोणास ठाऊक! पण दर वर्षीं एक बाई 'टाकी लावायची का' म्हणून ओरडत यायची. उंबऱ्याबाहेर बसूनच पाट्याला टाकी लावायची. मोठा हात सफाईचा होता तिचा."

"तिचें नांव काय, आजी?"

आईनें बराच वेळ आठवून पाहिलें. मग वहिनींकडे पाहिलें, काकूंकडे पाहिलें. पंधरा वर्षें जी बाई आमच्या दारीं आली, तिचें नांव घरांतील एकासही सांगतां येईना.

"कधीं विचारलेंच नाहीं गं," आई हळूच म्हणाली. आणि थोड्या वेळानें तिनें आपण होऊनच मला सांगितलें, "तुझ्या त्या मित्राला पुढच्या रविवारीं जेवावयास बोलाव. त्याच्या आईलाही घेऊन ये म्हणावें. आणि त्यांचें नांव आधीं विचारून ठेव."