योइदोचे चर्च : वाढ, कारणे आणि बोध

दक्षिण कोरियाची राजधानी सोल. या शहरातून वाहणाऱ्या हान नदीतील योइदो बेटावर ‘योइदो पूर्ण सुवार्ता चर्च’ उभे आहे. 1958 साली पाच माणसांनिशी सुरू झालेल्या या मंडळीने 1992 च्या सुमारास आपली सभासदसंख्या सात लाख सांगितली. जगातील सर्वांत मोठी ख्रिस्ती मंडळी म्हणून तिची गणना होऊ लागली. ज्या देशात हे घडले, तेथे बौद्ध धर्म इसवी सनाच्या चौथ्या शतकात पोहोचला होता. या चर्चचे संस्थापक चो योंग-गी हे स्वतः बौद्ध कुटुंबात जन्मले होते. म्हणून या घटनेकडे केवळ ‘परधर्माचा प्रसार’ म्हणून पाहून चालणार नाही. तिची कारणमीमांसा करणे अगत्याचे आहे. ती या लेखात थोडक्यात मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

पेंटेकोस्टल पंथ

बायबलमधील कथेनुसार, येशूच्या मृत्यूनंतर पन्नासाव्या दिवसाच्या सणास त्याच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला आणि ते अन्य भाषांमध्ये बोलू लागले. त्या सणाच्या ‘पेंटेकोस्ट’ या ग्रीक नावावरून हा पंथ ओळखला जातो. पवित्र आत्म्याचा प्रत्यक्ष अनुभव, अन्य भाषांत बोलणे, प्रार्थनेने रोगमुक्ती आणि उच्च स्वरातील सामूहिक प्रार्थना ही त्याची प्रमुख लक्षणे होत. 1906 साली अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात विल्यम सेमूर या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाच्या सभांतून या चळवळीने जोर धरला. मराठी वाचकांस हेही ठाऊक असावे की, तत्पूर्वीच 1905 मध्ये पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये अशाच स्वरूपाचे धार्मिक जागरण झाले होते आणि या पंथाच्या इतिहासात त्याची नोंद घेतली जाते. प्रारंभी या पंथाकडे वळलेला वर्ग बहुतांशी गरीब आणि उपेक्षित होता, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे.

तंबूपासून योइदोपर्यंत

चो योंग-गी यांचा जन्म 1936 सालचा. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता. 1950 ते 1953 या काळातील युद्धाने देश उद्ध्वस्त झाला. तरुणपणीच चो यांना क्षयाने ग्रासले. त्या आजारपणात ते ख्रिस्ती झाले आणि पुढे सोलमधील बायबल विद्यालयात दाखल झाले. तेथे त्यांची भेट छ्वे जा-शिल या परिचारिकेचे शिक्षण घेतलेल्या प्रौढ स्त्रीशी झाली. त्या पुढे त्यांच्या सासूबाई झाल्या. मे 1958 मध्ये या दोघांनी शहराच्या कडेच्या एका दरिद्री वस्तीत पहिली उपासना घेतली. लवकरच एका जुन्या तंबूत सभा भरू लागल्या. 1961 मध्ये चर्च शहरातील सोदेमुन भागात आले आणि 1973 मध्ये योइदो बेटावर गेले. हे बेट त्या वेळी बव्हंशी ओसाड होते. संसद भवन, शेअर बाजार आदी वास्तू तेथे नंतर आल्या. 1979 मध्ये सभासद एक लाख झाले, 1981 मध्ये दोन लाख.

या आकड्यांमागे दुसरा एक आकडा आहे. 1960 मध्ये सोलची लोकसंख्या सुमारे 24 लाख होती. 1990 मध्ये ती एक कोटीच्या वर गेली. खेड्यांतून लक्षावधी माणसे कारखान्यांत काम करण्यासाठी शहरात आली. गाव सुटले, भावकी सुटली, सुखदुःखाला धावून येणारा शेजार सुटला. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या या माणसाला आजारपणात पाणी देणारे कोणी नव्हते. चर्चच्या वाढीचे मूळ येथे आहे.

वाढीचे खरे साधन

1964 साली चर्चचे सभासद दोन-तीन हजार झाले होते आणि सारे काम एकटे चो पाहत होते. त्या वर्षी अतिश्रमाने ते उपासनेतच कोसळले. एका माणसाच्या बळावर एवढी मंडळी सांभाळता येणार नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. तेव्हा शहराचे विभाग पाडून प्रत्येक विभागात सभासदांच्या घरीच लहान गट भरवावेत, अशी योजना त्यांनी मांडली. चर्चमधील पुरुष पुढाऱ्यांनी तीबाबत उत्साह दाखवला नाही. अखेर हे काम स्त्रियांवर सोपवण्यात आले. पुरुषप्रधान कन्फ्युशियन संस्कारांच्या त्या समाजात हे पाऊल धाडसाचे होते.

या गृहगटाची रचना साधी होती. पाच-दहा कुटुंबांचा एक गट. आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी घरी बैठक. प्रार्थना, बायबलचा एखादा पाठ आणि एकमेकांची विचारपूस. गट वाढला की त्याचे दोन गट होत आणि नव्या गटासाठी आधीच तयार केलेली साहाय्यिका पुढे येई. कोण आजारी आहे, कोणाचे काम सुटले, कोणाच्या घरी मारहाण होते, हे गटप्रमुख स्त्रीला माहीत असे. रविवारच्या प्रचंड सभेत अनोळखी राहणारा माणूस या गटात नावाने ओळखला जाई. बाहेरून पाहणाऱ्यास हजारो आसनांचे सभागृह दिसते. परंतु हे चर्च खऱ्या अर्थाने हजारो घरांच्या बैठकखोल्यांत उभे राहिले, असे आमचे मत आहे. 1976 साली स्थापन झालेल्या ‘चर्च ग्रोथ इंटरनॅशनल’ या संस्थेद्वारे हीच पद्धत जगभरातील पाळकांना शिकवण्यात आली.

तथापि या व्यवस्थेची मर्यादाही नमूद केली पाहिजे. स्त्रियांना गट मिळाले, सर्वोच्च अधिकार मिळाला नाही. त्या पाळकाच्या अधिकाराखाली काम करतात हे दिसावे म्हणून त्यांना टोपी घालण्यास सांगितले होते, असे चो यांनीच लिहून ठेवले आहे.

रोगमुक्ती आणि समृद्धीची शिकवण

चो यांच्या उपदेशाचे सूत्र ‘त्रिविध आशीर्वाद’ या नावाने प्रसिद्ध आहे : आत्म्याचे कल्याण, व्यवहारात भरभराट आणि शरीराचे आरोग्य. युद्धाने आणि उपासमारीने गांजलेल्या माणसाला परलोकाऐवजी याच जन्मातील भाकरीचे आश्वासन मिळाले. कोरियातील अन्य ख्रिस्ती अभ्यासकांनीच यावर टीका केली. लोकांच्या जुन्या मुदांग परंपरेतील, म्हणजे अंगात येणाऱ्या देवऋषी स्त्रियांच्या परंपरेतील, नवससायासाला येथे ख्रिस्ती पोशाख चढवला आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

पाली वाङ्मयाच्या वाचकाला येथे दीघनिकायातील केवट्टसुत्ताची आठवण होईल. भिक्खूंनी चमत्कार दाखविल्यास नालंदेतील लोकांची श्रद्धा वाढेल, असे केवट्ट भगवंतांना सुचवितो. भगवंत ती सूचना नाकारतात आणि चमत्कारापेक्षा अनुशासन, म्हणजे योग्य शिकवण, श्रेष्ठ ठरवितात. चमत्काराने माणसे जमतात, हे तेथे नाकारलेले नाही. त्या मार्गाचा दोष दाखविला आहे.

दुसरी टीका अधिक गंभीर आहे. याच काळात सोलच्या प्योंगह्वा बाजारातील शिलाई कारखान्यांत कोवळ्या मुली अल्प मजुरीवर दिवसाचे चौदा-चौदा तास राबत होत्या. 13 नोव्हेंबर 1970 रोजी जोन थे-इल या 22 वर्षांच्या कामगाराने, कामगार कायद्याची अंमलबजावणी करा अशी मागणी करीत, तेथेच स्वतःला जाळून घेतले. त्यानंतर काही ख्रिस्ती विचारवंतांनी ‘मिन्जुंग’, म्हणजे दडपलेली जनता, हा शब्द केंद्रस्थानी ठेवून नवा धर्मविचार मांडला आणि हुकूमशाहीविरुद्ध लढताना तुरुंगवासही सोसला. योइदोचे चर्च या लढ्यापासून दूर राहिले. आजारी कामगार मुलीसाठी तेथे प्रार्थना झाली. तिच्या मजुरीचा प्रश्न मात्र तेथे उभा राहिला नाही. मिन्जुंग विचाराच्या मंडळ्या मात्र संख्येने लहानच राहिल्या. दिलासा देणारे वाढले आणि हक्क मागणारे थोडे राहिले, ही वस्तुस्थिती परिवर्तनवादी कार्यकर्त्यांनी अस्वस्थ होऊन तपासावी अशी आहे.

सत्ता, पैसा आणि न्यायालय

चर्चचा प्रभाव उपासनेपुरता राहिला नाही. 1988 मध्ये त्याने ‘कुकमिन इल्बो’ हे दैनिक काढले, विद्यापीठ उभारले. परंतु संपत्ती वाढली तसा कारभार एका कुटुंबाभोवती फिरू लागला. चो 2008 साली निवृत्त झाले आणि ली यंग-हून यांनी सूत्रे घेतली. 2011 मध्ये चर्चमधीलच काही वडील सभासदांनी चो यांच्याविरुद्ध तक्रार दाखल केली. 2002 साली त्यांच्या थोरल्या मुलाच्या मालकीचे शेअर बाजारभावापेक्षा कितीतरी अधिक किमतीस चर्चला घ्यायला लावले आणि त्यात चर्चचे सुमारे 1300 कोटी वॉनचे नुकसान झाले, असा हा आरोप होता. 2014 मध्ये न्यायालयाने त्यांना दोषी ठरवून स्थगित कारावासाची शिक्षा दिली. सप्टेंबर 2021 मध्ये त्यांचे निधन झाले. ज्या गृहगटांनी आपल्या तुटपुंज्या मिळकतीचा दशमांश दिला, त्यांना हिशेब विचारण्याची सोय त्या रचनेत नव्हती.

कोरियन बौद्धांचे उत्तर

या सर्व काळात बौद्ध विहार कोठे होते? चोसोन राजवटीने भिक्खूंना राजधानीत प्रवेश नाकारला होता. ही बंदी 1895 मध्ये उठली. परिणामी बहुतेक विहार डोंगरांत राहिले आणि कामगार वस्ती शहरात वाढली. ही उणीव ओळखून काही बौद्धांनी नवे मार्ग शोधले. भिक्खुणी दे-हेंग यांनी 1972 मध्ये सोलनजीक आन्यांग येथे हानमाऊम सोनवोन हे केंद्र स्थापले. 1985 मध्ये सोलच्या गांगनाम भागात नुंगीन सोनवोन सुरू झाले आणि तेथे उपासकांसाठी क्रमबद्ध अभ्यासवर्ग चालू झाले.

तरीही 2015 च्या जनगणनेत प्रोटेस्टंट ख्रिस्ती सुमारे 97 लाख, तर बौद्ध सुमारे 76 लाख आढळले. 2005 मध्ये बौद्ध एक कोटीहून अधिक होते. या दोन गणनांची पद्धत वेगळी असल्याने तुलना जपून करावी लागते. परंतु आणखी एक आकडा दुर्लक्षून चालणार नाही. 2015 मध्ये 56 टक्के लोकांनी आपला कोणताही धर्म नसल्याचे सांगितले. म्हणजे मोठ्या चर्चांनाही समाज कायमचा बांधून ठेवता आला नाही.

समारोप

योइदोच्या इतिहासातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. गाव सुटलेल्या माणसाच्या दारी आठवड्यातून एकदा कोणी नियमाने येते, तेव्हा तो त्या संस्थेचा होतो. तत्त्वज्ञान तो नंतर समजून घेतो. हे काम तेथे सामान्य स्त्रियांनी केले. दुसरी गोष्ट अशी की, करुणेचे काम तळाशी आणि हिशेबाचा अधिकार एकाच्या हाती, अशी रचना शेवटी त्याच तळातल्या माणसाची फसवणूक करते. त्या चर्चची शिकवण आम्हांस मान्य नाही. परंतु आपल्या विहाराच्या परिसरातील किती आजारी, बेकार आणि एकाकी माणसांची नावे आपल्याला ठाऊक आहेत आणि विहाराचा जमाखर्च किती जणांसमोर वाचला जातो, हे दोन प्रश्न प्रत्येक वाचकाने आपापल्या ठिकाणी विचारून पाहावेत, एवढीच आमची विनंती आहे.