बफर, फ्लश आणि डिस्क : आउटपुट स्ट्रीममधील माहितीचा प्रवास

प्रोग्रॅमने फाइलमध्ये ओळ लिहिण्याची आज्ञा दिली की ती ओळ तत्काळ डिस्कवर उमटते, असा समज अध्यापकांतही आढळतो. प्रत्यक्षात तसे घडत नाही. प्रत्येक अक्षरासाठी ऑपरेटिंग सिस्टिमला पाचारण करणे खर्चिक असल्याने स्ट्रीम ऑब्जेक्ट माहिती प्रथम मेमरीतील बफरमध्ये साठविते. वणी-पांढरकवडा भागातील शेतकरी वेचणीचा कापूस घरात साठवितो आणि गाडीभर झाल्यावर बाजारात नेतो, तसाच हा व्यवहार होय. जावाच्या ‘बफर्ड आउटपुट स्ट्रीम’ची गाडी सर्वसाधारणपणे ८१९२ बाइटची असते. ती भरण्याची वाट न पाहता आतील माहिती पुढे पाठविणे म्हणजे ‘फ्लश’.

सी प्लस प्लसमधील ‘एंडएल’ नवी ओळ देतो आणि फ्लशही करतो. हजारो ओळींच्या लूपमध्ये तो वापरल्यास बफरचा लाभच उरत नाही.

ऑब्जेक्ट ओरिएन्टेड रचनेत एक स्ट्रीम दुसऱ्या स्ट्रीमला वेढून असतो. बाहेरच्या ऑब्जेक्टचा फ्लश आतल्यापर्यंत पोहोचतो. मात्र आतला स्ट्रीम आधी बंद केल्यास बाहेरच्या बफरमधील ओळी अडकून पडतात. सी प्लस प्लसमध्ये फाइल स्ट्रीमचा डिस्ट्रक्टर ही काळजी घेतो. जावात डिस्ट्रक्टर नाही. तेथे स्ट्रीम आपोआप बंद होण्याची भाषिक सोय २०११ मध्ये सातव्या आवृत्तीत आली.

खरा धोका मात्र पुढे आहे. फ्लशमुळे माहिती ऑपरेटिंग सिस्टिमच्या स्वाधीन होते, डिस्कच्या नव्हे. २००० नंतरच्या दशकात भारनियमन विदर्भातील ग्रामीण भागाच्या अंगवळणी पडले होते. अशा वेळी शुल्काची नोंद करणारा प्रोग्रॅम नियमाने फ्लश करीत असला, तरी वीज जाताच शेवटच्या काही नोंदी नष्ट होऊ शकतात. त्यासाठी जावात फाइल डिस्क्रिप्टरची ‘सिंक’ मेथड आहे. सी प्लस प्लसमध्ये युनिक्सच्या ‘एफसिंक’सारख्या फंक्शनचा आधार घ्यावा लागतो. ही क्रिया संथ असल्याने ती प्रत्येक ओळीनंतर नव्हे, तर प्रत्येक पूर्ण व्यवहारानंतर करणे इष्ट.

प्रात्यक्षिकात पहिला टप्पा सहज दाखविता येतो. जावात ‘बफर्ड रायटर’ने दहा छोट्या ओळी लिहून, फ्लश किंवा क्लोज न करता ‘मेन’ संपू द्यावे. फाइल रिकामी आढळते. फ्लश जोडल्यास दहाही ओळी मिळतात, मग प्रोग्रॅम नंतर अकस्मात बंद पडला तरी हरकत नाही. दुसरा टप्पा दाखविण्यासाठी मात्र चालू संगणकाची वीज तोडावी लागेल, आणि प्रयोगशाळेत तसे न केलेलेच बरे.