आगोटीआधी गाद्या उतरवा

बोटीतल्या गाद्यांवर वाकडच्या माणसानं बोलावं, हे ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. आमच्याकडे समुद्र नाही. मुळा नदी आहे, पण तिच्यात काही बोटी चालत नाहीत. वाकडला चालतात त्या मोटारी, आणि माझं दुकानही मोटारींच्या सीटचंच. उसवलेली सीट शिवायची, बसलेला फोम बदलायचा, नवं रेक्झिन चढवायचं. पण सीट शिवणाऱ्याकडे आज ना उद्या बोटीची गादी येतेच. माझ्याकडे पहिल्यांदा आल्या त्या पवनेच्या जलाशयावरच्या एका लहान मोटारबोटीच्या. पुढे अलिबाग-मांडव्याकडचे लोकही टेम्पोत गाद्या टाकून येऊ लागले. यायचे ते बहुधा सप्टेंबरात. गाद्या उतरवल्या की दुकानभर कुबट वास पसरायचा.

सप्टेंबरच का, ते सांगतो. ज्या देशांत बर्फ पडतं तिथे बोटी हिवाळ्यात बंद ठेवतात. पाणी गोठायच्या आत बोट बाहेर काढायची, झाकायची आणि वसंतात पुन्हा पाण्यात सोडायची. आपल्याकडे हिवाळा हा तर बोटीचा ऐन हंगाम. आपला बंदचा काळ पावसाळ्याचा. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारीची बंदी असते. गेटवे ते मांडवा जाणाऱ्या नेहमीच्या लाँची पावसाळ्यात थांबतात. २०२० साली सुरू झालेली मोटारी नेणारी मोठी रो-रो बोट सोडली, तर त्या मार्गाला सुट्टीच असते. रॉयल बॉम्बे यॉट क्लबसारख्या ठिकाणची शिडाची हौसही पावसाळा सरल्यावरच सुरू होते. त्यामुळे परदेशी पुस्तकात हिवाळ्याबद्दल जे लिहिलेलं असतं, ते आपण आगोटीच्या खात्यात मांडायचं. एक फरक मात्र मोठा आहे. त्यांच्याकडे बोट बंद असते तेव्हा थंडी असते, आणि थंडीत बुरशी मंदावते. आपल्याकडे बोट बंद असते तेव्हाच हवा उबदार आणि ओली असते. बुरशीला याहून चांगलं काय हवं?

बहुतेकांचा समज असा, की गादीचा शत्रू पाऊस. म्हणून मे महिन्याच्या शेवटी बोटीवर निळी प्लॅस्टिकची ताडपत्री घालायची, चारी बाजूंनी दोरी करकचून आवळायची, आणि झालं. माझ्याकडे सर्वांत वाईट अवस्थेत येतात त्या नेमक्या अशा बोटींच्या गाद्या. वरून थेंबही पडलेला नसतो आणि खाली काळे ठिपके पसरलेले असतात. कारण खरा शत्रू आहे कोंडलेली दमट हवा. दिवसा ताडपत्रीखाली ऊब धरते, गादीतला ओलावा वाफ होऊन वर जातो. रात्री प्लॅस्टिक गार झालं की तीच वाफ थेंब होऊन पुन्हा गादीवर पडते. तीन महिने हा खेळ चालतो. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी कोकणात होड्या वर ओढून नारळाच्या झापांनी शाकारत. झापांतून पाणी निथळायचं आणि वाराही खेळायचा. शेतातलं इरलंही तसंच, पाठ कोरडी ठेवतं आणि आत हवा येऊ देतं. प्लॅस्टिकनं पाणी अडवलं, पण वाराही अडवला.

आता गादीच्या पोटात काय आहे ते पाहू. वर रेक्झिन, म्हणजे कापडावर चढवलेला पीव्हीसीचा थर. आत फोम. आपण त्याला सरसकट स्पंज म्हणतो. तळाला बहुधा प्लाय. रेक्झिनमधून पाणी जात नाही हे खरं, पण शिलाईचं काय? सहा फूट लांब, दोन फूट रुंद अशी एक गादी घ्या. वरची आणि खालची कड मिळून जवळजवळ दहा मीटर शिलाई होते. टाका चार मिलिमीटरचा धरला, तर एका गादीला सुईची अडीच हजारांच्या आसपास भोकं पडतात. पाणी तिथून आत जातं आणि बाहेर यायला त्याला घाई नसते. ही गादी चार इंच जाड असेल तर तिचं आकारमान शंभर लिटरच्या वर जातं. निम्मा फोम जरी पाण्यानं भरला तरी ५० किलोंहून अधिक ओझं झालं. बोटीत अशा सहा गाद्या असतील तर हिशेब तुम्हीच करा.

आमच्या धंद्यातली एक सवय इथे सांगायला हवी. फोम खोळीत सहज सरकावा म्हणून त्याला पातळ प्लॅस्टिकचा कागद गुंडाळतात. मोटारीच्या सीटला ते चालून जातं, तिच्यावर छप्पर असतं. बोटीच्या गादीत तो कागद तसाच राहिला, तर आत शिरलेलं पाणी कायमचं कोंडतं. म्हणून बोटीची गादी करून घेताना कारागिराला सांगा, की काम झालं की कागद ओढून काढ, तळाला जाळीचं कापड लाव, दोरा पॉलिएस्टरचा घे. सुती दोरा ओलाव्यात कुजतो. चेन प्लॅस्टिकची असावी, आणि पिना लावायच्याच असतील तर स्टेनलेस स्टीलच्या. साध्या पिना गंजतात आणि त्यांचा तांबडा डाग वरपर्यंत येतो.

समुद्रातल्या बोटीला आणखी एक दुखणं असतं, ते म्हणजे मीठ. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःहून पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात डब्यातलं मीठ ओलं होतं ते याच कारणानं. जुलै-ऑगस्टात किनाऱ्यावर आर्द्रता त्याच्या वरच असते. म्हणजे खारं पाणी मुरलेली गादी तुम्ही मे महिन्याच्या उन्हात कितीही वाळवा, जूनमध्ये ती आपोआप पुन्हा ओली होणार. म्हणून समुद्रातल्या बोटीच्या गाद्या आधी भरपूर गोड्या पाण्यानं धुवायच्या, आतल्या फोमसकट. पवनेचं पाणी गोडं. आमच्या पिंपरी-चिंचवडच्या नळाला येतं तेच. त्यामुळे तिथल्या बोटवाल्यांना हा एक ताप कमी आहे.

धुण्यासाठी मऊ ब्रश आणि सौम्य साबण पुरे. पेट्रोल, थिनर असलं काही लावू नका. डाग जातो, पण रेक्झिनचा मऊपणाही जातो आणि वर्षभरात ते तडकतं. कपड्यांच्या ब्लीचनं शिलाई कमजोर होते. बुरशीचे वरवरचे ठिपके पातळ केलेल्या पांढऱ्या व्हिनेगरनं पुसता येतात. ते काम उघड्यावर, नाकाला फडकं बांधून करावं. पांढऱ्या रेक्झिनवर कधी गुलाबी डाग उठतात. ते काही सूक्ष्म जंतूंच्या रंगाचे असतात आणि आतून वर आलेले असतात. ते घासून जात नाहीत. उगाच हात दुखवू नका.

मग वाळवणं. इथे माणसं फसतात. रेक्झिन हाताला कोरडं लागलं म्हणजे गादी वाळली असं नव्हे. शक्य असेल तर चेन उघडून फोम बाहेर काढावा, सावलीत, वाऱ्यावर, कडेवर उभा करावा. दोन-चार दिवस लागतील. मे महिन्यात ते दिवस फुकट मिळतात, जूनमध्ये पैसे देऊनही मिळत नाहीत. वळवाचा एखादा पाऊस येतो, तेवढं आभाळाकडे लक्ष ठेवा.

गाद्या ठेवायच्या त्या बोटीत नाहीच, घरात. फळीवर उभ्या ठेवाव्यात, दोन गाद्यांत चार बोटं अंतर ठेवावं, पावसाच्या माऱ्याच्या भिंतीला टेकवू नयेत, वरून जुनी चादर घालावी. प्लॅस्टिकची पिशवी नको. पूर्वी कपाटात बारीक दिवा लावून ठेवायची युक्ती होती. हल्लीच्या एलईडीला तेवढी ऊब नसते, आणि फोम चटकन पेट घेतो, तेव्हा ती युक्ती विसरलेलीच बरी. डांबराच्या गोळ्याही गादीला टेकवून ठेवू नका, रेक्झिन खराब होतं. उंदरांचं म्हणाल तर फोम हे त्यांचं आवडतं बिऱ्हाड. गाद्यांच्या सांध्यात अडकलेले वड्याचे, भेळेचे कण आधी काढा.

घरी जागा नसेल आणि गाद्या बोटीतच ठेवणं भाग असेल, तर त्या आडव्या सोडू नका, उभ्या करा. गाद्यांखालच्या पेट्यांची झाकणं उघडी ठेवा. बोट जमिनीवर असेल तर नाळेकडची बाजू थोडी उंच करून तळाचं बूच काढा, म्हणजे आत आलेलं पाणी निघून जाईल. ताडपत्री मधोमध आढं घालून, घराच्या छपरासारखी उतरती बांधा. एका चौरस मीटरच्या खळग्यात इंचभर पाणी साचलं तर २५ किलो भार होतो, आणि ताडपत्री तिथेच फाटते. दोन्ही टोकांना वारा जायला जागा ठेवा. श्रावणात उघडीप मिळाली की ताडपत्री काढून दिवसभर हवा खाऊ द्या.

आणि गाद्यांखालच्या पेट्यांत काय असतं? बहुतेक बोटींत लाइफ जॅकेट. हंगाम संपला की ती ओलीच आत कोंबतात, वर गादी, गादीवर आणखी सामान. गादीला बुरशी आली तर फार तर नवी करावी लागेल, एखाद्या बोटवाल्याची दिवाळीपर्यंतची कमाई त्यात जाईल. पण जॅकेटचे पट्टे कुजले, शिलाई विरली, आतला फोम तीन महिने दबून चपटा झाला, तर ते कुणाच्या तरी अंगावर ऐन वेळी उसवेल किंवा त्याला नीट तरंगत ठेवणार नाही. जॅकेटही गोड्या पाण्यात धुवा, वाळवा, खुंटीवर टांगा. नारळी पौर्णिमेच्या सुमारास बोट पुन्हा काढाल तेव्हा प्रत्येक पट्टा दोन्ही हातांनी जोर लावून ओढून पाहा. जो करकरेल किंवा तुटेल, ते जॅकेट बाद.

गादीची परीक्षा त्याहून सोपी आहे. मे महिन्यात पूर्ण वाळलेली गादी वजनकाट्यावर ठेवा आणि आकडा तिच्या तळाला न पुसणाऱ्या शाईनं लिहून ठेवा. सप्टेंबरात बोटीत चढवण्याआधी पुन्हा वजन करा. किलोभरानं जरी वाढलं असेल तरी आत पाणी आहे. चेन उघडा.